पूर्णाहुतीचा वारा

दाजी, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि माझा संशय काही जात नाही. आधी तुमच्या वाईटपणाचा होता, आता चांगुलपणाचा आहे. एवढाच काय तो फरक.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. गवळ्याच्या दुधात बोट बुडवून बघणारा, समिधांची मोळी सोडून एकेक काडी तपासणारा माणूस मी. ताई म्हणायची, आमच्या बंडूला उद्या साक्षात विश्वनाथ भेटला तरी हा विचारेल, आधार कार्ड आहे का? तुम्ही पोट धरून हसायचात. मोठ्या बहिणीचा नवरा म्हणून मी तुम्हाला मान दिला, पण विश्वास म्हणाल तर पहिल्या दिवसापासून हातचं राखून. तुम्ही इंटर कॉलेजात फिजिक्सचे मास्तर, मी काशीच्या दूधविनायकाच्या गल्लीतला भिक्षुक. तुमचा देवावर भरवसा नव्हता, माझा माणसांवर नाही. तरी रोज सकाळी आपण भोसले घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो आणि चहा येईपर्यंत कडाकडा भांडायचो.

भांडण बहुतेक अग्नीवरूनच. मी सांगायचो, अग्नीला वायुसखा म्हणतात, वारा त्याचा मित्र. तुम्ही म्हणायचात, "मित्र कसला बंडोपंत, पोर आहे त्याचं! आग पेटली की हवा तापते, हलकी होते, वर पळते. खाली जागा रिकामी. ती भरायला चहूकडून गार हवा धावत येते. झाडाचं पान हलत नसेल तरी आग आपला वारा आपण करते." मी म्हटलं, सिद्ध करा. तर म्हणालात, "मणिकर्णिका काय लांब आहे? जाऊन उभे राहा चितेजवळ." सकाळी सकाळी असलं अभद्र! त्या दिवशी रागाने तुमच्या वाटचा चहासुद्धा मीच पिऊन टाकला.

मग ती शतचंडी झाली. अकरा वर्षं झाली. मंगला गौरीजवळच्या एका यजमानाच्या छतावर मांडव होता, आचार्य मी. चैत्राचे दिवस, पश्चिमेकडून पछुवा सुटलेली. ज्वाळा सारखी आडवी पडत होती, धूळ कुंडात येत होती. म्हणून शेवटच्या दिवसाआधी मी टेंट हाउसमधून चार कनाती मागवल्या आणि चार बाजूंना पडदे केले. बांधल्या मी स्वतः. असली कामं मी दुसऱ्यावर सोडत नाही. पूर्वेपासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या क्रमाने, प्रत्येक कनातीचा शेवट पुढच्या कनातीच्या आत घेतलेला, मधे माणूस अंग चोरून शिरेल एवढी फट. चारही कोपऱ्यांना तसंच. आमच्या वडिलांची पद्धत. प्रत्येक जण आत शिरला की आपोआप उजव्या वाटेनेच फिरला पाहिजे, अग्नीभोवती उलटा पाय पडता कामा नये. वर शामियान्याला मधोमध धुराचं भोक ठेवलं होतं. बांधून झाल्यावर मी लांब उभा राहून बघितलं होतं, आणि स्वतःवरच खूश झालो होतो.

पूर्णाहुतीच्या दिवशी पछुवा अचानक पडली. वारा म्हणून नाही. मी मनात म्हटलं, देवी पावली. शेवटी लाकडी पन्हळीतून कुंडात तुपाची अखंड धार सोडतात, ती मी सुरू केली. एरवी ज्वाळा फुलते, पसरते. त्या दिवशी ती आकसली. बारीक झाली, उंच झाली आणि स्वतःभोवतीच गरगर फिरायला लागली. कुंडाच्या काठावरची राख गोल धावत होती, मोरीच्या भोकाशी पाणी फिरतं तशी. आवाज असा, घुंऽऽ करून, की ऋत्विजांचे मंत्र ऐकू येईनात. बघता बघता ती शामियान्याच्या भोकातून वर गेली आणि कापडाला लागली. मी पन्हळ सोडली नाही. पूर्णाहुती अर्धवट टाकायची नसते. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, तेव्हा कुणीतरी मला मागून ओढलं. नंतर कळलं, ते तुम्ही होतात.

माणूस एकही दगावला नाही, ही देवीची कृपा. पण मांडवाची राख झाली आणि माझ्या नावाचीही होणार हे मला इस्पितळात पडल्या पडल्या कळत होतं. काशीत भिक्षुकाचं सगळं नावावर चालतं. पूर्णाहुतीला मांडव जळाला, म्हणजे आचार्याकडून काहीतरी चुकलं. दुसरं कोण काय समजणार? यजमान भेटायला आले. म्हणाले, "गुरुजी, ये हुआ कैसे?" आणि मी काय बोललो, दाजी, ते आज तुम्हाला सांगतो. ताईलाही हे कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, "हमारे जीजाजी की जेब में एक शीशी थी। आपने देखी थी क्या?"

बस, एवढंच. आरोप केला नाही, नुसतं विचारलं. बाटली होतीच ना पण! पूर्णाहुतीच्या आधी तुम्ही ती खिशातून काढलीत, बघितलीत, परत ठेवलीत. मी मंत्र म्हणता म्हणता ते बघत होतो. आणि दुसरं, आग फिरायला लागायच्या जरा आधीच तुम्ही उठलात आणि ताईला दंडाला धरून मागे नेलंत. आधी! तुम्हाला आधी कसं कळलं? कुठेतरी पाणी मुरत होतं, हे मी नाही, कुणीही म्हटलं असतं.

तिसरी गोष्ट तर तुम्ही स्वतःच माझ्या हातात दिलीत. दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेशी बसून तुम्ही म्हणालात, "बंडोपंत, ती आग आपलाच वारा घेऊन उभी राहिली." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, तसं हे, जळलं की वाऱ्यावर ढकला. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "कनाती कुणी बांधल्या होत्या?" मी म्हणालो, "मी. दुसरं कोण बांधणार? प्रदक्षिणेच्या क्रमाने, पदरावर पदर." तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. म्हणालात, "मग काही नाही." आणि मान खाली घालून माझ्या बँडेजची गाठ सारखी करत बसलात. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. सापडला!

पुढे महिना-दीड महिना तुम्ही रोज येऊन माझी पट्टी बदललीत. ताईला ते बघवत नसे. डाव्या हाताने मला जेवता येईना, तर तुम्ही वरणभात कालवून चमच्याने भरवायचात. मी तोंड उघडून घास घ्यायचो आणि मनात म्हणायचो, एवढी सेवा अपराधी माणूसच करतो.

तोवर ती शीशी गल्लीतून निघून चौकापर्यंत पोचली होती. कुणी म्हणे त्यात पेट्रोल होतं, कुणी म्हणे कॉलेजच्या लॅबमधलं केमिकल. वझेकाका, आपल्या गल्लीतले सगळ्यांत जाणते, त्यांनी निकालच दिला: आगीशिवाय धूर निघत नाही, मास्तरला यज्ञ खोटा पाडायचा होता. पोरांनी तुमचं नाव ठेवलं, बारूद मास्साब. गणेशोत्सवात मुलांसमोर तुमचं दर वर्षी व्याख्यान व्हायचं, ते बंद झालं. सवाष्ण म्हणून ताईला बोलावणी येत ती कमी झाली. आणि माझं? माझं नाव वाचलं. दोन वर्षांत मला पुन्हा होम मिळायला लागले. लोक म्हणत, बिचारे गुरुजी, घरच्याच माणसाने घात केला. मी गप्प बसायचो, आणि गप्प बसणं किती मोठेपणाचं दिसतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुम्ही घाटावर यायचे थांबला नाहीत, हेही मला खटकायचं. निर्लज्ज, म्हणायचो मी मनात. पण यायचोही. भांडण तेवढं बंद झालं होतं. चहा घ्यायचा, नावा बघायच्या, उठायचं.

शेवटी तुम्ही इस्पितळात होतात. ताई औषधं आणायला खाली गेली होती, खोलीत आपण दोघेच. मला वाटलं, आता तरी. मी विचारलं, "दाजी, एक सांगा. त्या दिवशी बाटलीत काय होतं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नाकात नळी होती तरी हसलात. म्हणालात, "डोळ्यांचं औषध, बंडोपंत. आयड्रॉप. धुराने डोळे चुरचुरत होते." मी म्हणालो, "बरं." कसं म्हणालो ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कूस बदललीत. आपल्या दोघांतलं शेवटचं बोलणं हे.

तुमच्यामागे खांदा द्यायला माणसं कमी पडली, दाजी. चार आम्ही आणि मागे आठ-दहा. अडतीस वर्षं ज्याने अर्ध्या मोहल्ल्याची पोरं पास करवली त्याच्या मागे आठ-दहा! अग्नी अनघाने दिला. तुमची लेक, पंचवीस वर्षांची पोर. मी शेजारी उभा राहून मंत्र सांगत होतो. दुपारची वेळ, उकाडा मरणाचा, समोरच्या देवळावरची ध्वजा काठीला चिकटून बसलेली. चिता नीट पेटली आणि माझ्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक उठलं. आगीकडे! मी ते मागे टाकलं. ते पुन्हा आगीकडे गेलं. पाठीला गार हवा लागत होती, तोंडावर जाळ. पलीकडे उभ्या माणसाचा पंचा बघितला, तोही आगीकडेच ओढलेला, म्हणजे माझ्या उलट दिशेने. इतकी वर्षं माझी अग्नीपुढे गेली, आणि हे मी कधी बघितलं नव्हतं. मी पुढचा मंत्र विसरलो. अनघा म्हणाली, "मामा, आगे?"

तरी मी मानलं नाही. आग हवा ओढते, ओढू दे. म्हणून गरगर फिरते का? हजार होम केले मी, एकदाही नाही फिरली. काहीतरी घातल्याशिवाय ती फिरलीच नसती, हे मी घाटाच्या पायऱ्या चढता चढता स्वतःला समजावत होतो.

दहाव्या दिवशी दशपिंड वगैरे आटोपून घरी बसलो होतो. ताईने फडताळातून एक लाकडी खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे यांचं. म्हणाले होते, मी असेपर्यंत बंडूला दाखवायचं नाही." आत काचेच्या चार पट्ट्या, हात-हातभर उंच, आणि खोबणी पाडलेला एक पाट, मधोमध वाटीएवढा खड्डा. अनघाने पाट जमिनीवर ठेवला, खड्ड्यात स्पिरिटचा बोळा पेटवला. "मामा, पहले ऐसे देखो." काचा नव्हत्या तेव्हा साधी ज्वाळा, वितीएवढी, इकडेतिकडे लवलवणारी. मग तिने चार काचा चार बाजूंना उभ्या केल्या. प्रत्येकीचं टोक पुढच्या काचेच्या आत घेतलेलं, चार कोपऱ्यांना चार फटी. प्रदक्षिणेचा क्रम.

ज्वाळा आकसली, दाजी. बारीक झाली, सरळ उभी राहिली, काचांच्याही वर गेली आणि गरगर फिरायला लागली. मी उदबत्ती पेटवून फटीशी धरली. धूर आत ओढला गेला, काचेला घासत वळला, पुढच्या फटीतून आलेल्या हवेने आणखी ढकलला, आणि सगळा मिळून गोल फिरू लागला. हवा आत येते ती तिरकी येते, म्हणून फिरते. अनघा म्हणाली, "बाबा म्हणायचे, सरळ दार ठेवलं असतं, आमनेसामने, तर काही झालं नसतं." पाटाच्या मागे तुम्ही पेन्सिलीने त्या छताचा नकाशा काढला होता. कुंड, चार कनाती, बाण. कोपऱ्यात तारीख होती, आगीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

म्हणजे तुम्हाला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं.

मी ताईवर ओरडलो. हो, दहाव्या दिवशी, सुतकातल्या बहिणीवर. म्हटलं, मला सांगितलं का नाही? ती शांतपणे म्हणाली, "मीही हेच विचारलं होतं. तर म्हणाले, बंडू मांडव बांधून जगतो. आपल्याच गाठीमुळे हे झालं असं कळलं तर उद्या त्याचा हात चालणार नाही. माझ्यावर संशय घेतोय ना, घेऊ दे. मला पेन्शन आहे."

मला पेन्शन आहे! असलं बोलणं फक्त तुम्हालाच सुचू शकतं.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, तुला आधी ओढून नेलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "राख फिरायला लागली तेव्हाच त्यांनी हाक मारली तुला. दोनदा. तू डावा हात वर करून गप्प बसवलंस." मी म्हणालो, मला आठवत नाही. खोटं कशाला बोलू, दाजी, आठवतं. कुणीतरी 'बंडोपंत' म्हणालं होतं. मला वाटलं, पूर्णाहुतीच्या वेळीही यांना थट्टा सुचतेय.

त्या रात्री मला राग आला तो तुमचाच. हे कसले उपकार? अकरा वर्षं घाटावर शेजारी बसून चहा पिताना तुम्ही मनात काय म्हणत होतात? कीव करत होतात? की बघत होतात, हा आणखी किती खाली जातो ते? एकदा कानाखाली वाजवून सांगायचं होतं, मूर्खा, तुझ्या कनाती! मग वाटलं, सांगितलं असतंत तरी मी मानलं नसतं. उलट म्हणालो असतो, खोकं मुद्दाम बनवलंय, माझ्यावर ढकलायला. तुम्ही मला ओळखून होतात. माझं चुकलं, दाजी. अगदी मुळापासून चुकलं, आणि माफी मागायला समोर माणूस नाही.

म्हणून तेराव्याला पानं वाढून झाल्यावर मी उभा राहिलो. मोहल्ल्यातले झाडून सगळे आले होते. जेवायला येतात. मी म्हणालो, "ऐका. शतचंडीचा मांडव माझ्यामुळे जळाला. कनाती मी चुकीच्या बांधल्या होत्या. दाजींच्या बाटलीत डोळ्यांचं औषध होतं. बाटलीची गोष्ट पसरवली ती मी."

वझेकाका म्हणाले, "बस बंडू, बस. गेलेल्या माणसाचं वाईट राहू नये म्हणून तू आपल्या अंगावर घेतोयस. मन मोठं आहे तुझं." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी का दिल देखिए।" आणि लोक आमटी ओरपायला लागले. अनघा वाढता वाढता थांबली. पळी हातात, नजर माझ्यावर.

मी हट्टाला पेटलो. जेवणं झाल्यावर सगळ्यांना अंगणात बोलावलं, खोकं आणलं, काचा लावल्या, बोळा पेटवला. ज्वाळा उठली, फिरली, बायका मागे सरकल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगत होतो, बघा, ह्या कनाती, ही फट, असं मी बांधलं होतं, हवा अशी आत येते. घसा फोडून सांगत होतो. वझेकाका सुपारी चघळत वाकून बघत होते. बघून झाल्यावर शेजारच्याला हळूच म्हणाले, "म्हणजे बघ, मास्तरला ही विद्या येत होती."

अनघाने ऐकलं. बोळ्यावर वाटी पालथी घातली, काचा पुसून खोक्यात भरल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, रहने दो."

नाही राहू देणार. ज्यांना ज्यांना मी ते बाटलीचं विचारलं होतं त्यांच्या दारी जातोय, रोज दोन घरं. शतचंडीचे यजमान ऐकून घेतात, हात जोडतात, चहा पाजतात आणि विषय बदलतात. वझेकाकांकडे तीनदा जाऊन आलो. काल त्यांनी दार लावून घेतलं, मला जवळ बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, "आता खरं सांग बंडू. हे सगळं तुला ताईने बोलायला लावलंय ना?" मला त्यांचा राग येईना, दाजी. त्यांच्या जागी मी असतो, तर मीसुद्धा हेच विचारलं असतं.